ग्रहणात विसीचा चेहरा

७ जुलै, मंगळवार
विसी रागावून बहिणीकडे, कासिल्दाकडे, जाऊन बसली. कारण क्षुल्लक. बेडरूमच्या खिडकीच्या शटरला मी भोकं पाडली. त्यातून उन्हाचे गोल ठिपके आत येतात आणि दुपारच्या झोपेत नेमके तिच्या डोळ्यांवर पडतात. प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र असतं, हे मी तिला प्रेमाने समजावलं. ती म्हणाली, सूर्य बाहेरच बरा, शटर बदल, मग येते. उद्या बदलतो.

८ जुलै
शटर राहिलं. पण आयडिया सुचली! पुठ्ठ्याला भोकं पाडून उन्हाने विसीचा चेहराच काढायचा. तोही १२ ऑगस्टच्या सूर्यग्रहणात, कारण तेव्हा प्रत्येक ठिपक्याची कोर होते. चौकात, चर्चच्या भिंतीवर, गावासमोर. अख्ख्या कास्तिया प्रांतात कुणी केलं नसेल. बायको विरघळणारच. मग शटर कोण विचारतंय!

१८ जुलै, सकाळी ११
पहिली ट्रायल. भिंतीवर झकास ऊन. पण वैताग! पेन्सिलीने काळं करतो तिथे मी भोकं पाडली, म्हणजे केस पांढरेफटक आणि तोंड काळं. फेर्मिन खाटीक दुकानातून ओरडला की अरे, ही तर तुझी सासू! हा माणूस शाळेपासून जळतो माझ्यावर.

२८ जुलै, सकाळी ११
नवा पुठ्ठा. भिंतीपासून लांब धरला की ठिपके फुगतात आणि विसीला कांजिण्या आल्यासारख्या दिसतात. फेर्मिन म्हणे, कासिल्दा छान आलीय. कासिल्दा मागेच उभी होती, तिला राग आला. जाता जाता विसीचा निरोप दिला, शटरचं काय? मी म्हटलं, ग्रहण होऊ दे. ती म्हणाली, कसलं बाई ध्यान पदरात पडलंय माझ्या बहिणीच्या.

९ ऑगस्ट, सकाळी ११
जमलं! हुबेहूब विसी, भुवईवरच्या व्रणासकट. घर खायला उठतं हो. बुधवारी ती घरी असेल. तिच्यासाठी खरबूज आणि हॅम आणून ठेवलंय.

१२ ऑगस्ट, बुधवार
संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळे भिंतीला खुर्च्या टेकून गप्पा मारत बसलेले. मी सगळ्यांना उठवलं. शिव्या खाल्ल्या. विसी आली, निळा ड्रेस घालून, हातात स्वतःची खुर्ची! चंद्राने सूर्याचा पहिला लचका तोडला. मी पुठ्ठा उचलला.

भिंतीवर काही नाही. पुढे सरकलो, मागे सरकलो. काही नाही.

फेर्मिनने शांतपणे विचारलं की होनोरातो, लेका, जन्मभर आपण संध्याकाळी याच भिंतीपाशी खुर्च्या का टाकतो रे?

सावली असते म्हणून. सूर्य तेव्हा चर्चच्या मागे असतो. माझीही खुर्ची तिथेच असते, लग्नाच्या आधीपासून. पण याने हे आज सांगावं?

सगळे ग्रहण बघायला माळाकडे पळाले. विसी थांबली. तिने एवढंच विचारलं की शटर बदललंस का. मी म्हटलं, उद्या. तिने खुर्ची उचलली आणि गेली.

१३ ऑगस्ट
सकाळी सकाळी शटरवाल्याकडे गेलो. दारावर पाटी: ऑगस्टभर सुट्टी.

दुपारी आडवा झालो. ठिपके आत आले. स्वच्छ, गोल, तिच्या उशीवर. तिचे डोळे असायचे, नेमके तिथेच.