बावीस सेकंदांचे माप

दिनांक : १७ नोव्हेंबर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
खातेदार सेवा विभाग,
(ज्या कंपनीकडे आमच्या दुकानाचे पान होते, ती कंपनी)

विषय : टेलरिंग दुकानाचे बंद केलेले पान कायमचे पुसण्यापूर्वी त्यातील माप परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपली दि. १ नोव्हेंबरची दोन ई-पत्रे; पैकी एक माझे आभार मानणारे व दुसरे माझ्यावर कारवाई करणारे.

महोदय किंवा महोदया,

आपल्या दोन्ही पत्रांखाली कोणाचीही सही नाही, म्हणून दोन्ही लिहिले आहे. राग नसावा. मी ई-पत्राने चार वेळा विनंती केली. चारही वेळा अर्ध्या मिनिटात एकच ठरावीक उत्तर आले. एवढ्या वेळात माझे वाचूनही होत नाही, म्हणून हा अर्ज टपालाने पाठवीत आहे. कागद निदान कोणाच्या तरी हातात पडेल.

१. मी एकतीस वर्षे कपडे शिवतो. गिऱ्हाईके मला मास्तर म्हणतात. दुकानाचे इंटरनेटवरचे पान माझ्या पत्नीने सुरू केले व ते तिच्याच नावावर होते. माझा त्याला विरोध होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. लोक शिलाई बघून येतात, हा तमाशा कशाला, असे मी म्हणत असे. त्यावर ती म्हणे, "तुम्ही शिवा, मी दाखवते." दर गुरुवारी ती एखाद्या कपड्याचा फोटो टाकून स्वतःच्या आवाजात "रफू कुठे आहे ते शोधा" असे विचारी. ओळखणाऱ्याला एक बटण फुकट लावून मिळे. एका बटणासाठी लोक दोन बस बदलून येत व येताना चार पँटी घेऊन येत. चौदा हजार माणसे त्या पानावर तिला ताई म्हणत होती. मी दुकानात शेजारीच बसलेला असे, पण मला कोणी विचारीत नसे. मला त्याचे काही वाटत नव्हते. खरे सांगायचे तर आवडतच होते.

२. आमची काम करण्याची रीत येथे सांगणे आवश्यक आहे. मापाची वही आम्ही सात वर्षांपूर्वी बंद केली. पत्नी माप घेताना फोन समोर उभा करी आणि टेप लावता लावता आकडे मोठ्याने बोले. ती चित्रफीत पानावर फक्त आम्हालाच दिसेल अशी ठेवून, फोन भरतो म्हणून फोनमधून पुसून टाकी. मी कापड बेतायला घेतले की फोन टेबलावर ठेवून ते ऐकत असे. हात कापडावर, कान तिच्याकडे. "कंबर छत्तीस, पण दोन बोटं जास्त ठेवा, साहेब हल्ली घरीच असतात." असे बोलणे वहीत लिहिता येत नाही. अशी अकराशेहून अधिक मापे आपल्या ताब्यात आहेत.

३. दि. १४ मार्च रोजी माझी पत्नी वारली. आजार नऊ दिवसांचा. मृत्यूचा दाखला जोडला आहे.

४. पाचव्या दिवशी मी तिचा फोन उघडला. एका बाईंनी विचारले होते, "ताई, ब्लाउज झाला का?" ब्लाउज झालेला होता. मी लिहिले, "हो, घेऊन जा." इथून माझा गुन्हा सुरू होतो. पुढच्या गुरुवारी मी रफूचा फोटोही टाकला. एका बोटाने टाइप करायला मला पाऊण तास लागे, पण उत्तरे येऊ लागली की दुकानात कोणीतरी आहे असे वाटे. लोकांनी विचारले, "ताई, हल्ली तुमचा आवाज का ऐकू येत नाही?" मी लिहिले, घसा बसला आहे.

५. तो घसा सात महिने बसला. लोकांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या, वाफ घ्यायला सांगितली, तिखट बंद करायला सांगितले. मी प्रत्येकाला "बरं वाटतंय" असे कळवीत होतो; दुकानात कोणी विचारलेच तर ती घरी विश्रांती घेते आहे, असे सांगत होतो. ऑक्टोबरच्या अखेरीस एक निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, मधाची बाटली घेऊन स्वतः दुकानात आल्या. काउंटरवर बाटली ठेवून म्हणाल्या, "ताईंना बोलवा, बोलू नका म्हणावं, नुसतं भेटायचंय." मी त्यांच्यापुढे स्टूल सरकवले. मग सगळे खरे सांगून टाकले. मला वाटले, ओरडतील. त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आम्हाला रडूसुद्धा दिलं नाहीत." बाटली तिथेच ठेवून गेल्या. ती अजून उघडलेली नाही.

६. झाली चूक निस्तरावी म्हणून दि. ३१ ऑक्टोबर रोजी मी आपल्याला खरे काय ते कळवायला बसलो. आपल्या तक्रारीच्या पानावर हकीकत लिहायला जागा नाही, फक्त यादी आहे. त्यातून एक कारण निवडावे लागते. मी यादी दोनदा वाचली. "दुसरीच व्यक्ती खातेदार असल्याचे भासवत आहे" हे एकच वाक्य मला लागू होते. तेच निवडले. कोण भासवत आहे, या प्रश्नापुढे माझे नाव लिहिले. शेजारचा मोबाईल दुरुस्तीवाला नंतर कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो मास्तर, स्वतःचीच तक्रार स्वतः कोणी करतं का?" मला वाटले होते, खरे सांगितल्यावर कोणीतरी फोन करील, चार प्रश्न विचारील.

७. दुसऱ्या दिवशी आपली दोन पत्रे आली. पहिल्यात जागरूकतेबद्दल माझे आभार होते. दुसऱ्यात मी तोतया असल्याचे सिद्ध झाल्याने पान बंद केले असून दि. ३० नोव्हेंबर रोजी ते कायमचे पुसले जाईल, असे होते. निकाल योग्य आहे. त्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही.

८. पान परत मिळण्यासाठी मूळ खातेदाराने कॅमेऱ्यासमोर चेहरा डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवावा, असा आपला नियम आहे. मी माझा दाखवला. चेहरा जुळत नाही, असे उत्तर आले. मग मी तिचा फोटो फ्रेममधून काढून कॅमेऱ्यासमोर धरला आणि हळूहळू डावीकडे व उजवीकडे फिरवला. तेवढे जुळले. त्यानंतर पडद्यावर सूचना आली, "कृपया डोळे मिचकावा." मी फोटो तसाच धरून किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. हा आपला नियम कोणी वाईट हेतूने केलेला नसणार. पण असे कोणाला करायला लावू नये, एवढे आपल्या वरिष्ठांच्या कानावर घालावे.

९. मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या सल्ल्याने दुकानाच्या दारावर सूचना लावली आहे : ताई गेल्या, मापे पुन्हा द्यावी लागतील. लोक येत आहेत. टेपखाली उभे राहून रडतात, आणि छातीचे माप एक इंच जास्त भरते. ते मी वजा करतो. सर्व गिऱ्हाईकांची मापे महिना-दोन महिन्यांत होतील. तरी अकराशे मापांची माझी मागणी मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

१०. फक्त एक माप हवे आहे. दि. ३ मार्चचे, बावीस सेकंदांचे. मी इतरांचे शिवतो आणि स्वतः विटलेले घालतो, म्हणून तिने त्या दिवशी मला धरून उभे केले. तिचे बोलणे मला इथवर पाठ आहे : "खांदा अठरा. छाती चाळीस. पोट आत ओढू नका, मला कळतं. बाही..." तेवढ्यात काउंटरवर कोणी हाक मारली आणि मी तिकडे पाहिले. बाही किती, ते मी ऐकले नाही. फोनमध्ये आहे, नंतर ऐकू, असे वाटले. पुढे ती आजारी पडली, ती गेल्यावर ती चित्रफीत लावायचा धीर झाला नाही आणि तो शर्ट बेतायचे राहून गेले. आता अंग बेतून झाले आहे, बाह्यांचे कापड घडी घालून ठेवले आहे.

जुन्या शर्टावरून बाही काढता येते, हे मलाही कळते. तशी काढायची नाही. आणि आपले माप आपल्याला घेता येत नाही. टेपचे एक टोक धरायला दुसरे माणूस लागते. बाकी सगळ्यांचे माप घ्यायला मी आहे, साहेब.

तरी पान खुशाल पुसावे. त्याआधी तेवढा आवाज मला काढून द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
आणि आपल्याच निकालानुसार तोतया,

(सही)
टेलर मास्तर

सोबत :
१) पत्नीच्या मृत्यूचा दाखला, एक प्रत.
२) आपली दोन्ही ई-पत्रे.
३) एक रिकामा पेनड्राइव्ह. इतक्या जागेची गरज नाही, पण याहून लहान मिळाला नाही.
४) तिकीट लावलेले, माझा पत्ता लिहिलेले पाकीट.