ब्रेक घट्ट होत चाललाय

२ मार्च, रविवार
आजपासून बाईकचं काम स्वतः करायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

सकाळी गॅरेजवाल्याकडे गेलो होतो. रेसिंगचा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि पुढच्या ब्रेकला स्टीलच्या जाळीचा पाइप, एवढंच बसवायचं म्हटलं. त्याने मजुरी अशी सांगितली की डोक्यावरचं हेल्मेटही न काढता परत फिरलो. चार नट पिळायचे एवढे पैसे?

आठ वर्षांची गाडी, पण अजून दम आहे. फक्त मोकळा श्वास मिळायला हवा.

२४ तारखेला लेकीची टायपिंग टेस्ट. पहिली नोकरी आहे पोरीची, मुलाखत झालीय, टेस्ट तेवढी राहिलीय. सेंटर पार शहराबाहेर, बस जात नाही, म्हणून बाईक तीच नेणार. तोवर गाडी अशी करून ठेवतो की लोकांनी वळून बघावं. हिला सांगितलं. ही म्हणाली, टेस्ट होईपर्यंत गाडीला हात लावू नका, मग हवं तर तिचं विमान करा. अगं, टेस्टसाठीच तर करतोय! या घरात पुढचा विचार मी एकटाच करतो.

५ मार्च
हिशेब केला. मजुरी वाचली. त्यातून पान्यांचा सेट, स्टँड, हातमोजे आणि डोक्याला बांधायचा टॉर्च घेतला. बेरीज मजुरीच्या दुप्पट. पण मजुरी हा खर्च आणि पाने ही गुंतवणूक. हिला फक्त 'मजुरी वाचली' इथपर्यंत वाचून दाखवलं.

९ मार्च, रविवार
दिवसभर पार्किंगमध्ये. फिल्टर बसला, सायलेन्सर बसला. सुरू केली. काय आवाज! दुसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं. तळमजल्यावरचे आजोबा बाहेर येऊन हातवारे करत काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही. कौतुकच असणार.

दुपारी ब्रेक. नवा पाइप लावला. त्या नादात जुनं ब्रेक ऑइल सगळं फरशीवर. रविवार, दुकानं बंद. घरात इंजिन ऑइल उरलं होतं, चांगलं महागातलं. तेच भरलं. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय, अमुकच ऑइल वापरा. कंपन्या असं लिहिणारच, त्यांचा माल खपायला नको? शेवटी तेल ते तेल.

१० मार्च
मेहुणा येऊन गेला. ही बाजारात गेली होती ते बरं. भावोजी, ब्रेकमध्ये इंजिन ऑइल घातलंत? म्हणाला आणि चहाचा कप खालीच ठेवला. म्हणे आतलं रबर फुगतं, मग ब्रेक दाबला नाही तरी आपोआप लागून बसतो. काढून टाका, आजच्या आज काढा म्हणत होता.

हा गाद्या विकतो. मी कधी याला कापूस शिकवायला गेलो?

१२ मार्च
ब्रेक घट्ट झाला! आधी चांगला दाबावा लागायचा, आता नुसता हात लावला की पकडतो. स्टीलच्या पाइपची करामत. मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. त्याने फोनच ठेवून दिला. हरला बिचारा.

१४ मार्च
हिला कामावर सोडताना मागून पाठीत बोट टोचून म्हणाली, काहीतरी जळतंय. म्हटलं, नवीन पाइप आहे, वास येणारच. तिचं नाक पहिल्यापासून तिखट.

ऑफिसात दिवसभर फोन. आमची लिफ्टची कंपनी, मी तक्रार विभागात. एका बाईंची लिफ्ट मध्येच आपोआप थांबते. त्यांना नेहमीचं उत्तर दिलं, मशीन सेट होतंय, थोडे दिवस जाऊ द्या. हे उत्तर शांत आवाजात दिलं की निम्म्या तक्रारी मिटतात. ही कला आहे. शिकवून येत नाही.

१७ मार्च
ऑफिसला पोचलो तर पुढच्या चाकातून धग. सहज म्हणून बाटलीतलं पाणी डिस्कवर ओतलं. चर्र झालं. वॉचमन दोन पावलं मागे सरकला. त्याला समजावलं की रेसच्या गाड्यांचे ब्रेक लालभडक होतात, आपण त्याच वाटेवर आहोत.

पेट्रोल मात्र मरणाचं खातेय. ताकद हवी तर खुराक द्यावाच लागतो.

१९ मार्च
सिग्नल सुटला, गाडी हलेना. मागून हॉर्नवर हॉर्न. ढकलत कडेला घेतली, चाक जागचं फिरायला तयार नाही. थोडा वेळ उभा राहिलो, चाक गार झालं, आणि आपसूक सुटलं. म्हणजे बिघाड नाही. बिघाड असता तर सुटलं असतं का?

ही आजपासून बसने जाते. खिडकीत बसायला बरं वाटतं म्हणाली. इतक्या वर्षांत कधी खिडकीचं नाव काढलं नव्हतं.

२१ मार्च
ब्रेक ऑइलचं झाकण उघडून पाहिलं. आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालंय, परत जागेवर बसेना. अंगठ्याने दाबून दाबून कोंबलं आणि स्क्रू पिळले. हाताला घाम सुटला होता. उन्हाळा लागलाच की आता.

गॅरेजला दाखवावी असं एकदा मनात आलं. हेल्मेट घालून निघालोसुद्धा. मग त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तो काही बोलणार नाही, नुसता हसेल. कोपऱ्यावरून परत आलो. सोमवार होऊन जाऊ दे. मग सावकाश बघू.

२३ मार्च, रविवार
लेकीने गल्लीत दोन चकरा मारल्या. वर येऊन म्हणाली, बाबा, गाडी जड का चालतेय? कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. म्हटलं, मशीन सेट होतंय, थोडे दिवस जाऊ दे. शांत आवाजात म्हटलं. ती म्हणाली, मग उद्यापुरती मामाची स्कूटर मागू का?

मला लागलं ते. इतके दिवस पार्किंगमध्ये गुडघे फोडून घेतले ते कुणासाठी? बापाच्या हातावर भरवसा नाही का, असं विचारलं. तिने हेल्मेट खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, तसं नाही हो बाबा, हीच नेते.

शाब्बास. पोरगी माझ्यावर गेलीय.

२४ मार्च, सोमवार, सकाळी ७.३०
निघाली. गाडी मीच धुऊन पुसून दिली. रात्रभर उभी होती, त्यामुळे चाक गार आणि एकदम मोकळं. उगाच शंका काढत होतो. ही बाल्कनीतून सारखी हळू जा, हळू जा ओरडत होती. अशा मोठ्या दिवशी पोरीला घाबरवायचं असतं का?

सव्वाआठ
पोचल्याचा फोन नाही. आत मोबाइल घेऊ देत नसतील.

साडेआठ
टेस्ट नऊला. मग आत्ताच कशाला घेतील मोबाइल?

पावणेनऊ
अनोळखी नंबर. ही उचलतेय.

२५ मार्च
उड्डाणपुलाच्या उतारावर पुढचं चाक लागून बसलं. एकदम. ती हँडलवरून पुढे फेकली गेली. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरने कठड्याला घासत वळवला म्हणून. एवढंच लिहितो.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. हनुवटीला टाके. टेस्ट गेली. तिने हॉस्पिटलातून डाव्या हाताने फोन लावून विचारलं, परत घेतात का. घेत नाहीत.

गाडी दोघांना पुढून उचलून टेम्पोत चढवावी लागली. चाक फिरत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, कशी पडलीस? मी शेजारीच उभा. ती म्हणाली, उतार बघून घाबरले आणि मीच ब्रेक जोरात दाबला. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

ही औषधं आणायला गेली तेव्हा मला जवळ बोलावलं. ऑइलचं मामाने सांगितलं मला, म्हणाली. त्याला म्हटलंय, आईजवळ बोलू नको. तुम्हीही बोलू नका बाबा. ती तुम्हाला सोडणार नाही.

२७ मार्च
लेक घरी आली.

आज सगळं सांगून टाकायचं, असं सकाळी ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर. मग म्हटलं, जेवतानाच सांगावं.

ही तिला भरवत होती. भरवताना बडबड चालू. शंभरदा बजावलं होतं हळू जा म्हणून, उतारावर कुणी असा ब्रेक दाबतं का, हातातली नोकरी घालवलीस. लेक खाली मान घालून खात होती. टाक्यांमुळे तोंड नीट उघडत नाही तिचं.

मग हिने हात थांबवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तुमच्यावर मी उगाच संशय घेतला हो. बसने गेले, किती बोलले तुम्हाला. तुम्ही ब्रेक चांगलाच केला होता. हिलाच झेपला नाही.

लेकीने वर पाहिलं नाही.

मी हो म्हणालो.