स्फुरदाचं पाणी

५ फेब्रुवारी १९९७, वाटूर

झालं! मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवून टाकलं. दिवाळीत दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, रान वाटलं गेलं, पण विहिरीकडचा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला होता. आज म्हणाले, "दोघी सुना भेंडी लावा त्याच्यात, अर्धी अर्धी. जिची सरस, तिच्या घराला तुकडा. गुढीपाडव्याला सांगीन."

मला तो हवाच. आमच्या वाट्याला आलंय ते सगळं मुरमाड!

७ फेब्रुवारी

कृषी सहाय्यक वामनराव मागे सांगून गेले होते. सुपर फॉस्फेट पाण्यात ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरच्या निवळीत बी रात्रभर भिजवायचं अन् सावलीत सुकवून पेरायचं. कोंब फुटतानाच त्यातलं स्फुरद मिळतं, मुळी जोर धरते. तसंच केलं. घागर कणगीमागे ठेवली — थोरल्या जावेला, तुळजाबाईंना, बिलकुल कळायला नको!

आत्याबाईंनी, सासूबाईंनी, मात्र पाहिलं. त्या महिनाभर तिकडे जेवतात, महिनाभर आमच्याकडे. वाटणीत कुणालाच न आलेलं भांडं जणू. "काय भिजू घातलं गं?" सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

९ फेब्रुवारी

पेरलं. शेजारी जाऊबाईंनीही पेरलं — न भिजवता, कोरडंच! मनात खूप हसले.

१५ फेब्रुवारी

उगवलं. दोन्हीकडे. सारखंच!!

२२ मार्च

दोन्हीकडे कळ्या. काडीचा फरक नाही. चिडून वामनरावांना बोलावलं, चांगलं सुनावलं. ते बांधावर उभे राहून हसले. "वहिनी, पलीकडच्या रानात रामकिसनची भेंडी बघा. बी तेच, पेरणीही त्याच दिवशीची. तिला कळीचा पत्ता नाही. तुमच्या दोन्हीकडच्या बियांना स्फुरद मिळालंय."

दोन्हीकडच्या? कसं काय?

२३ मार्च

आत्याबाईंनाच विचारलं. तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. "मीच केलं. तुळजानं बियाची पुडी माझ्यापशी ठिवल्ती. तुझ्याच घागरीत भिजू घातली, मंग वाळवून दिली तिला."

माझं पाणी अन् तिचं बी! तोंडाला येईल ते बोलले.

"एका पंगतीत एकीला तूप अन् एकीला कोरडं कसं वाढू?" त्या म्हणाल्या. "अन् मला दोन्ही चुलीवर जेवायचं हाय, नंदे. जी हारली आस्ती, तिच्या दारात कोन्त्या तोंडानं गेले आस्ते?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. तुकड्यासाठी एवढी जळत होते, पण या बाईचं काय होईल हे एकदाही मनात आलं नाही. फार वाईट वाटलं.

४ एप्रिल

जाऊबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता भांडण. त्या हसत सुटल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "आपुन दोघी येड्याच की गं!"

भेंडी दोघींनी मिळून तोडली.

८ एप्रिल, पाडवा

मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बोला, कोणाची भेंडी सरस?"

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "आत्याबाईंची."

सगळं ऐकून मामा म्हणाले, "मग तुकडाही तिचाच." उद्या तलाठ्याकडे जायचंय. विहिरीकडचा तुकडा आत्याबाईंच्या नावावर!