होडीवर नाव माझं

९ जुलै ९०
पेपरात फोटो आलाय. गोरी बाई, शिडाच्या बोटीत एकटीच. जगाला फेरी मारायच्या शर्यतीत उतरलीय. कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आईने पाहिलाच. "हिला आयबाप नाय काय?" संपला विषय.

१२ जुलै
बाबांना सरळ विचारलं, नारळी पौर्णिमेच्या शर्यतीत आपली होडी मी नेऊ? एकटी? ते जाळं सांधत होते, सांधतच राहिले. बोलली आईच. बायकांनी मासे विकावेत, होडीत पाय ठेवू नये इ. इ. खाडीत मासा उरला नाही, नियम मात्र सगळे शाबूत. होडीवर ठळक अक्षरांत 'हिरा', माझ्या बारशाला रंगवलेलं. शीड धरायला बाबांनीच शिकवलं. मोठी झाले आणि बंद.

१५ जुलै, रवि.
दामाकाका उगवले. बाबांचे थोरले भाऊ, त्यांचा शब्द बाबा खाली पडू देत नाहीत. "कलव्याच्या पुलाखाली डोलकाठी निजवावी लागते गो. दोन माणसांचं काम. एकटी कशी करशील?" करीन म्हटलं. कशी ते मलाही माहीत नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

२२ जुलै
तोडगा निघाला म्हणे. होडी मी न्यायची, काका सोबत बसणार. नुसते बसणार, कशाला हात लावणार नाहीत. म्हणजे एकटीने जायचं, सोबतीने. माजिवड्याला ऑफिसातल्या मैत्रिणीला, नलूला सांगितलं, ती हसून बेजार. मला काही हसू आलं नाही.

६ ऑग., ना.पौ.
नारळ सोडला, निघालो. वारा बरा. काका अर्ध्या वाटेत झोपले, तोंड उघडं टाकून. पुलाशी हाका मारल्या, ढिम्म. शीड उतरवलं, डोलकाठी खांद्यावर घेऊन आडवी केली, पलीकडे परत उभी केली. खांदा सोलवटला. दुसरा नंबर.

काठावर सगळे काकांच्या गळ्यात. "या वयात काय होडी हाकली, दामाशेट." शालही त्यांनाच. त्यांनी घेतली पण. वर म्हणतात, "पोरीची पन मदत झाली."
रडले नाही. जेवलेही नाही.

७ ऑग.
आईने खांद्याला हळद लावली, तोंडाने शिव्या चालूच. मी जाहीर केलं, रविवारी मुंब्र्यापर्यंत जाऊन येणार. एकटी. काका नकोत, नारळ नको, शाल नको. "आनि बुडलीस तं?" आई. मी बराच वेळ बोलले, काय काय ते आठवतही नाही. शेवटी बाबा म्हणाले, "ती फोटूतली बाई निजते कवा?"
एवढ्या रामायणावर हा प्रश्न. माहीत नाही म्हटलं. या माणसाचा वीट आलाय मला.

११ ऑग., शनि.
संध्याकाळी होडी बघायला गेले. डोलकाठीच्या शेंड्याला नवी दोरी, होडीच्या पुढच्या टोकाला कप्पी, त्यातून ओवलेली. सैल सोडून पाहिली. काठी सावकाश आडवी झाली. ओढली, उभी राहिली. एकटीने.

घरी येऊन विचारलं, कोणी बसवली? बाबा जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "पुलाखालून ओहोट लागल्यावर जा. भरतीला पानी वर असतं, काठी निजवली तरी डोकं आपटशील."
ओहोटीची वेळ विचारून फोटोखाली लिहून ठेवली.

आईने पातेलं आपटलं. "उद्या मी बाजारात नाय जायची. काठावर बसनार."
अडवायला की वाट बघायला, ते विचारलं नाही.