लेबलावरचं शेवटचं अक्षर

२९ सप्टेंबर, रविवार

जेवताना बाबांनी जाहीर केलं. येत्या २५ एप्रिलला ते ऐंशीचे होणार, आणि त्या दिवसापासून आमच्या बाटल्यांवर त्यांचं एकट्याचं नाव राहणार नाही. नवं लेबल येणार. माझा पोलेंत्याचा, म्हणजे मक्याच्या घाट्याचा, घास तोंडातच राहिला. बावन्न वर्षं मी या वाक्याची वाट बघतो आहे.

दुपारी वहीत लिहून पाहिलं.

'मोर्बियोलो ए फील्यो', म्हणजे मोर्बियोलो आणि मुलगा. भारदस्त.

'मोर्बियोलो ए फील्यी', म्हणजे मोर्बियोलो आणि मुलं. यात लुचिल्लाही येते. चालेल. धाकटी बहीण आहे, राबते बिचारी.

आमच्या इटालियन भाषेची, रोमन अक्षरांची गंमत आहे. मूळ 'फील्यी'ला काही जोडलं नाही तर सगळी मुलं, शेवटी 'ओ' जोडला की एकटा मुलगा. 'आ' जोडूनही एक शब्द होतो, पण तो लिहून पाहण्याची गरज वाटली नाही.

बाबा म्हणाले, शेवटचं अक्षर मी हिवाळाभर काम बघून ठरवीन. माझ्याकडे बघून म्हणाले. म्हणजे ठरलंच आहे.

३० सप्टेंबर

बाबांना सांगितलं, या वर्षी रेचोतो मी करणार. रेचोतो ही आमची गोड तांबडी वाइन. दरवर्षी एकच लहान पिंप. आई होती तोवर ती करायची, गेली दोन वर्षं लुचिल्ला करते. बाबा आता दुसरी कुठलीच वाइन पीत नाहीत. रविवारी जेवणानंतर याचाच एवढासा पेला.

बाबा म्हणाले, बरं, ऐंशीव्या वाढदिवसाला तुझ्या हातची पिईन.

लुचिल्ला म्हणाली, दादा, अवघड काही नाही त्यात. फक्त विसरू नकोस.

मी काय लहान आहे?

३ ऑक्टोबर

द्राक्षं तोडून माळ्यावर लाकडी ताटांत विश्रांतीला ठेवली. विश्रांती हा आमच्या खोऱ्यातला खास शब्द. चार महिने पडून राहायचं, सुकायचं, गोडी वाढवायची. निसर्गाकडून शिकण्यासारखं आहे. पाठ दुखते, मीही पडलो.

११ नोव्हेंबर

संकल्प: रोज सकाळी सहाला माळ्यावर. धुकं असेल तर खिडक्या बंद, कोरडा वारा असेल तर उघड्या. नाहीतर द्राक्षांना बुरशी लागते.

१२ नोव्हेंबर

साडेआठ. धुकं होतं, त्यामुळे सहा वाजल्याचं कळलं नाही.

१३ नोव्हेंबर

—

१९ नोव्हेंबर

माळ्यावर गेलो. खिडक्या आधीच उघडलेल्या. वाऱ्याने उघडत असाव्यात. फक्त कोरड्या दिवशी उघडतात आणि धुक्यात आपोआप बंद होतात, हे विशेष. आजोबांनी बांधलेला माळा. जुने लोक हुशार. मी ढवळाढवळ करणं बरं नाही.

२५ डिसेंबर

नाताळच्या पान्दोरो केकबरोबर लुचिल्लाचं गेल्या वर्षीचं रेचोतो. बाबा डोळे मिटून म्हणाले, अगदी हिच्या आईसारखं. 'हिच्या' म्हणाले. माझी आई कोण होती मग?

पुढच्या वर्षी बघा म्हणावं.

२४ जानेवारी, शुक्रवार

द्राक्षं पिळली. माझं पिंप तळघरात डाव्या कोपऱ्यात. लुचिल्लाने साखर मोजायची काचेची नळी दिली. ती रसात तरंगते, साखर कमी होईल तशी खाली जाते. तिच्यावर लुचिल्लाने नखांच्या लाल रंगाने एक रेघ ओढली आहे. म्हणाली, दादा, रोज बघायचं. या रेघेला आलं की त्याच दिवशी वाइन दुसऱ्या पिंपात काढायची आणि थंड खोलीत न्यायची, म्हणजे आंबण्याची उकळी थांबते. नाही थांबवलीस तर सगळी साखर खाऊन टाकते ती, आणि मग कडू.

मी म्हणालो, मला कोण शिकवतंय. म्हणाली, मीच, दर वर्षी.

उद्धटपणा वाढतो आहे. लेबल झाल्यावर बघू.

२५ जानेवारी: मोजलं. पुष्कळ साखर.

२६ जानेवारी: मोजलं. तेवढीच.

२७ जानेवारी: तळघरात फार गारठा. अनुभवी माणसाला दाराला कान लावूनही कळतं. तेवढीच.

२८ जानेवारी ते १५ फेब्रुवारी: तेवढीच. (आजच एकदम लिहून ठेवलं. पुढचा वेळ वाचला.)

१४ फेब्रुवारी

गावातल्या दोरीनोच्या बारमध्ये बसून लेबलाचा विचार केला. 'ओ' सोनेरी असावा. दोरीनो म्हणाला, एव्हारिस्तो, तू कधी काम करतोस रे? मी म्हणालो, हे काय चाललंय.

६ मार्च, गुरुवार

सलामी, म्हणजे टांगून सुकवलेलं सॉसेज, आणायला तळघरात गेलो होतो. डाव्या कोपऱ्यात एक पिंप दिसलं. कोणाचं असेल, असा विचार करत होतो. मग आठवलं.

चाखलं. गोडीचा मागमूस नाही. जीभ कडू, हिरड्या कोरड्या. नळी टाकली तर लाल रेघ केव्हाच बुडाली. सलामी हातात घेऊन दहा मिनिटं पायरीवर बसलो.

सायंकाळी ५. लख्ख प्रकाश पडला! आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असलेली गोष्ट आहे. कोणीतरी एकदा रेचोतोचं पिंप विसरला. आतल्या वाइनने सगळी साखर खाल्ली, कडू झाली. आणि मग एकाने चाखून म्हटलं, ही नुसती आमारो नाही, आमारोने आहे! नुसती कडू नाही, थोर कडू आहे! आज सगळं खोरं त्या आमारोनेवर जगतं. त्या विसरलेल्या माणसाला कोणी बोल लावला? मी चूक केलेली नाही. परंपरा पाळली आहे.

त्या माणसाचं नाव आज कोणाला आठवत नाही, कारण त्याने रोजनिशी ठेवली नाही. मी ठेवतो.

संकल्प: २५ एप्रिलपर्यंत घरी कोणाला काही सांगायचं नाही. सगळ्यांसमोर एकदम.

८ मार्च

दोरीनोला चाखवली. म्हणाला, प्यालोय याहून वाईट. दोरीनो सहसा कोणाला बरं म्हणत नाही. रोज संध्याकाळी त्याच्याकडे एक चंबू न्यायचा असं ठरवलं. जाणकारांचं मत घ्यायला हवं.

२२ मार्च

लुचिल्लाने विचारलं, पिंप तोंडापर्यंत भरलेलं ठेवतोस ना? मी म्हणालो, हो. म्हणजे तिला बरं वाटतं.

खरं तर आता निम्मं उरलं आहे (जाणकार वाढले). बूचही मी सैल ठेवलं आहे. वाइनला श्वास घेऊ द्यावा. बाबांनी आणि लुचिल्लाने आयुष्यभर तिला कोंडून ठेवलं.

३० मार्च

वाइनवर पांढरी साय धरली आहे. साय कोणत्या दुधावर येते? चांगल्या.

७ एप्रिल, सोमवार

वेरोनाच्या वाइन प्रदर्शनाला दोन बाटल्या नेल्या. आमचा ठेला लुचिल्लाने मांडलेला, तिथे गर्दी फार, म्हणून मी फाटकाशी उभा राहिलो. एका जर्मन व्यापाऱ्याने वास घेतला, मागे सरला, आणि अगदी आदराने विचारलं, ही सॅलडवर घालायची का?

सॅलडचा मी विचारच केला नव्हता. नवी बाजारपेठ.

१७ एप्रिल, गुरुवार

छापखान्यातून लेबलांचा गठ्ठा आला. घरी मी एकटाच. लगेच उघडला.

'मोर्बियोलो ए फील्या'.

मोर्बियोलो आणि मुलगी.

छपाईची चूक. एक अक्षर जास्त पडलं आहे. सुदैवाने नेमकं शेवटचं. तो 'आ' खरवडला की खाली 'फील्यी' उरतं, सगळी मुलं. दाढीचं ब्लेड घेऊन बसलो. कागद हलक्या प्रतीचा. चाळीस लेबलं खरवडली, चाळीस भोकं पडली.

दुपारी ३. छापखान्यात फोन करून फैलावर घेतलं. तो म्हणाला, साहेब, चूक कसली? तुमचे वडील फेब्रुवारीच्या शेवटी स्वतः बसने आले होते. मी दोन नमुने लावून ठेवले होते, एक शेवटी 'आ' असलेला, एक नसलेला. ते बराच वेळ दोन्ही हातात धरून बसले. कॉफी दिली तीही गार झाली. मग एक फाडला.

मी विचारलं, कोणता?

तो म्हणाला, जो तुमच्याकडे आला नाही तो.

फेब्रुवारीत बाबांनी माझी आमारोने कुठे चाखली होती? पुराव्याशिवाय निकाल. २५ला चाखतील, आणि स्वतःहून पुन्हा छापायला पाठवतील. भोकं पडलेली लेबलं कपाटामागे टाकली.

२० एप्रिल, ईस्टर

भाषण तयार. 'एका विसरण्यातून हे खोरं उभं राहिलं' अशी सुरुवात. आरशासमोर तीनदा म्हटलं. दुसऱ्यांदा डोळे पाणावले.

२५ एप्रिल, शुक्रवार

अंगणात चेरीखाली चाळीस माणसं. भाषण झालं. पेले वाटले. मी बाबांच्या हातात पेला दिला.

पाहुण्यांमध्ये खोकल्याची साथ आली. आत्याने आपला पेला गुलाबाच्या कुंडीत ओतला. दोरीनो मोठ्याने म्हणाला, अरे, मार्चमध्ये बरी होती!

बाबा मात्र प्याले. पेला पूर्ण रिकामा केला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मला खूण करून जवळ बोलावलं. मी वाकलो.

हळूच म्हणाले, तुझ्या आईनेही पहिल्या वर्षी पिंप असंच विसरलं होतं.

मी म्हणालो, बघा! परंपरा!

म्हणाले, पण बाळा, तिने त्याच दिवशी येऊन सांगितलं. मी फेब्रुवारीत तळघरात गेलो, तेव्हाच रेघ बुडालेली. मग रोज संध्याकाळी तुझी वाट बघायचो, आज येऊन सांगेल म्हणून. महिना संपला, आणि मी बस पकडली.

मग त्यांनी लुचिल्लाला हाक मारली आणि गेल्या वर्षीचं रेचोतो मागितलं. दोन पेले मागितले. दुसरा माझ्यापुढे सरकवला.

गोड होतं. त्याबद्दल आज काही लिहिण्याची इच्छा नाही.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी लुचिल्ला म्हणाली, दादा, तुझं पिंप ओतू नकोस. आंबायला लागलंच आहे, आता व्हिनेगरच होऊ दे. थोडं पाणी घातलंय मी. बाबांनाही सॅलडवर आवडेल. म्हणजे त्या जर्मनाला वाइनमधलं कळत होतं.

व्हिनेगरसाठीची नमुन्याची बाटली तिने माझ्यापुढे ठेवली. लेबल नवीनच, पण शेवटी भोक. कपाटामागे हिला सापडलं तर. भोकाखाली तिने पांढरा कागद चिकटवला होता आणि त्यावर शाईने, सुबक, एक 'ओ' काढला होता.

'मोर्बियोलो ए फील्यो'.

बराच वेळ बघत बसलो. सोनेरी नाही, पण भारदस्त आहे.

विचारलं, व्हिनेगर करताना मला रोज काय काय करावं लागेल?

म्हणाली, काही नाही रे. वर्षभर विसरून जायचं.

जमेल.