पुट्टीचे दोन हात

लातूर
पितृपक्ष संपत आला

प्रिय तनूचे पप्पा,

पत्र बघून दचकू नका, माझी तब्येत ठीक आहे. फोनवर बोलायला गेलं की तुम्ही 'हां हां, झालं का रंगाचं?' म्हणून मध्येच तोडता, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर अंगठा दाखवून मोकळे होता. म्हणून कागद घेतला. आपला केरबा नांदेडच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती देते. चहा करून घ्या आणि शेवटपर्यंत वाचा, एवढं तरी करा.

तर फ्लॅटचं. तुम्ही मला चार दिवसांसाठी धाडलं. पुट्टीचे दोन हात मारायचे, वरून रंग, ओलीच्या भिंतीपुढं कपाट सरकवायचं आणि दसऱ्याच्या आत विकून मोकळं व्हायचं. पंधरवडा झाला, तुम्ही म्हणत असाल, ही काय करून राहिली तिथं? अहो, भिंतीला हात लावला की पोपडा हातात यायचा. मोरीच्या चौकटीला बोट लावलं तर बोट आत गेलं, चहात भिजलेल्या बिस्किटात जावं तसं. आपली भाडेकरीण, देगलूरची लक्ष्मम्मा, लेकीच्या डॉक्टरकीच्या क्लासपायी घरदार सोडून इथं राहिली होती. पोरगी सारखी खोकायची, पुस्तकांना बुरशी यायची. बिचारीनं तुम्हाला किती फोन केले, आणि तुम्ही तिला खिडकी उघडी ठेवायला सांगितलं! शेवटी तिनं दुसरीकडं खोली बघितली. जाताना फरशी पुसून गेली बाई. मला रडूच आलं.

तरी मी तुमचं ऐकलं. पुट्टी मारली, कपाट सरकवलं. गिऱ्हाईक आलं. मुरुडकडचे मास्तर आहेत, संगमेश्वर म्हणून, आणि त्यांची बायको, पोटुशी. ती कपाटाला टेकून उभी राहिली, छताकडं बघितलं आणि म्हणाली, पाळणा इथं बांधता येईल. माझ्यानं राहवलं नाही. कपाट ओढलं आणि तिचा हात धरून भिंतीवर ठेवला. दोघांनी चहा घेतला, मास्तर वाकून नमस्कार करून गेले. आता ते काही परत यायचे नाहीत. तुम्ही फोनवर विचारलं तेव्हा मी 'बघू' म्हणाले, ते ह्यामुळं.

मग मी शहेबाज प्लंबरला बोलावलं. त्यानं वरच्यांचा संडास बघितला, गच्ची बघितली, सगळं कोरडं ठणठणीत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेल्वेनं पाणी आलं होतं त्या साली तुम्ही मोरीच्या माळ्यावर टाकी बसवली होती, आणि शेजारीपाजारी मागायला येतील म्हणून पुढून प्लायवूड ठोकून भिंतीचाच रंग दिला होता. इथं नळ आठ आठ दिवस येत नाही. त्यामुळं प्रत्येक भाडेकरू टाकीची तोटी उघडीच ठेवून जायचा, न जाणो आपण घरात नसताना पाणी यायचं. टाकी भरून वाहायची, आणि प्लायवूडमागं भिंत पाणी पीत बसायची. प्लायवूड काढलं तर असा कुबट वास सुटला की शहेबाज 'या अल्ला' म्हणून शिडीवरून खालीच उतरला. पाण्यासाठी तरसणारं गाव, आणि आपलं घर पाण्यानं कुजलं. बोला आता!

रागावले नाही हो मी. रागवायलाही अंगात जीव लागतो. थकले मी. मुरुडचा गाळा घेतला तेव्हा पत्रा गळत होता, बादल्या मी लावल्या. नांदेडला नदीकडचं रो-हाऊस स्वस्तात पडलं म्हणून तुम्ही पेढे वाटले, आणि पूर ओसरल्यावर गाळ मी उपसला. दरवेळी तुमचं एकच पालुपद, 'ओलीचं काय एवढं, रंग दिला की झालं.' इतकी घरं घेतली, आणि आपण दोघं तीस वर्षं राहतो कुठं? भाड्याच्या दोन खोल्यांत, खिळा ठोकायचा तरी मालकीणबाईंना विचारून. कुणी विचारलं की तुम्ही हसून सांगता, घर राहायला नसतं, ठेवायला असतं. मला राहायला पाहिजे होतं हो. लई साधं मागणं होतं. तनू पाळण्यात होती तेव्हापासूनचं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. टाकी भंगारात दिली, चौकट बदलली, ओलीची भिंत विटेपर्यंत खरवडून उघडी ठेवली आहे. वाळायला वेळ लागेल, लागू दे. हा फ्लॅट विकायचा नाही. मी इथंच राहणार आहे. आईंनी शेवटच्या दुखण्यात माहूरच्या रेणुकामातेचा चांदीचा टाक माझ्या ओंजळीत ठेवला होता, आठवतं? परक्याच्या भिंतीला घट नको, स्वतःचं घर झालं की बसव, म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दर नवरात्राला आपण थोरल्या भाऊजींच्या दारी जातो, पाहुण्यासारखे. यंदा आपला घट इथं बसेल. ओलीच्या कोपऱ्यात नाही हं, तिथं धान न पेरताच उगवायचं! नांदेडहून निघताना काय मनात आलं कोण जाणे, टाक मी पदराला बांधून आणला. पंधरवडा झाला. तुम्ही रोज आंघोळ करून देव्हाऱ्यापुढं हात जोडता, आणि देवी जागेवर नाही हे तुम्हाला एकदाही दिसलं नाही. पत्र वाचून झालं की तिथं उभे राहा आणि जरा डोळे उघडून बघा. मग वाटलं तर या. किल्ली आणायची गरज नाही. मी घरीच आहे.

तुमचीच,
उज्वला