जपानी गाडी आणि दादाचे बैल

२ मे १९६३, पौड
आज व्यवसायाला प्रारंभ. कोंडाजीदादाची बैलजोडी कुशाबा मेकॅनिकला दिली आणि त्याच्याकडची जुनी जपानी गाडी घेतली. मूळ मालक जपानी इंजिनीअर, मायदेशी परतला. ही विकून दुसरी, ती विकून तिसरी. दलाल नाही, सगळं प्रायव्हेट. दादाला आधी विचारायचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी
दादाला समजलं. त्याने जू फेकून मारलं. कपाळाला टाके. म्हणाला, "भाताच्या चिखलणीआधी बैल दावणीला न्हाई दिसले, तर तुला जुंपीन." रागात माणूस काहीही बोलतो.
निश्चय : व्यापाऱ्याने डोकं थंड ठेवावं. कोणावरही हात उचलायचा नाही.

७ मे
पहिलं गिऱ्हाईक. रिहे गावचा गेणबा. बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि विचारलं, "दात कुटं हायेत?" मग मडगार्डावर काठी हाणली. बुजते का बघतोय म्हणे. मी शांतपणे काठी काढून घेतली. ती त्याच्या गुडघ्यावर बसली. हात उचलला नव्हता. गुडघा खालीच असतो.

१९ मे
दोन दिवस घासून गाडी आरशासारखी केली. म्हसू धनगराच्या एडक्याला गाडीच्या दारात दुसरा एडका दिसला. धडक. दार आत. म्हसू टाळ्या पिटत ओरडला, "न्हाई हटला माझा गडी!" मी एडक्याला लाथ घातली. (लाथ. हात नव्हे.) म्हसू आणि त्याचा भाऊ बिरू कुऱ्हाडीचे दांडे घेऊन धावले. मी गाडीत शिरून काचा वर केल्या. आता काचा नाहीत. गाडी हवेशीर झाली.

९ जून
उत्तम योग. कुशाबाने आमची जोडी लवळ्याच्या हैबतरावांना विकली होती आणि हैबतरावांना लेकाच्या वरातीला मोटार हवी आहे. गाडी द्या, जोडी न्या. वर किती द्यायचे, तेवढंच ठरायचं होतं.
आधी ट्रायल. बैलाची घेतात तशीच : दगडांनी भरलेली बैलगाडी मागे बांधून चढावर. चढली! धूर फार आला, पण चढली.
मग बाजाराच्या रीतीने उपरण्याखाली बोटं धरून बोलणी. तेवढ्यात हैबतराव हसून म्हणाले, "दादाला इचारलंस का रं, का त्याला बी इकलास?" कडकन आवाज झाला. त्यांची दोन बोटं. हात उचलला नाही. उपरण्याखालीच होता.

१० जून
हैबतरावांचे पुतणे आले. मी माळ्यावर होतो. दादाने पायाला धरून खाली ओढलं आणि त्यांच्या हवाली केलं. डावा डोळा उघडत नाही.
पंचांचा निवाडा : गाडी हैबतरावांना. एक बैल आम्हाला, दुसरा मोडलेल्या बोटांपायी त्यांच्याकडेच. म्हणजे निम्मा सौदा तरी जमला. दादा जुवाला तेल लावत बसला. राग ओसरला असावा.

२३ जून
चिखलणी. डावीकडे बैल, उजवीकडे मी. दादा शब्दाचा पक्का. बांधावरून रंभावहिनी सारखी ओरडत होती, "भावजी, मान खाली! जू घसरतंय!"
दुपारी रस्त्याने वरातीची मोटार गेली. बंद होती. आमचा दुसरा बैल आणि हैबतरावांचा एक, असे दोघे ओढत होते. जुन्या सोबत्याला पाहून माझा जोडीदार हंबरला, वळला आणि माझ्या बरगडीत शिंग घातलं.
मी हात उचलला नाही. दोन्ही जुवाला बांधलेले होते.